दहीहांडा वेस म्हणजे दहीहंडी नव्हे

जुनी वास्तू पाहायला गेलं की दारात आता गाईड भेटण्याऐवजी पाटी भेटते. पाटीवर क्यूआर कोड, फोन समोर धरला की माहिती उघडते, काही ठिकाणी आवाजही सुरू होतो: 'आता तुमच्या डाव्या हाताला पाहा.' केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये देशातल्या बारा ठिकाणांसाठी 'ऑडिओ ओडिगोस' नावाची अशी बोलती वाटाडी सेवा सुरू केली. त्या यादीत वऱ्हाड नव्हतं, आणि त्याचं आश्चर्यही वाटलं नाही. पण आज ना उद्या ही पाटी अकोल्याच्या असदगडापाशी लागणार आहे. कुठल्या तरी मोठ्या शहरातली एजन्सी येईल, दोन दिवसांत फोटो काढेल, इंटरनेटवरचा मजकूर उचलेल, एखाद्या गोड आवाजाच्या मुलीकडून तो वाचून घेईल आणि बिल लावून निघून जाईल. ती येण्याआधीच जुन्या शहरातल्या लोकांनी काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

गेल्या हिवाळ्यात दोन तरुण मुलं किल्ला चौकाकडून आत आली आणि एका गल्लीच्या तोंडाशी फोन हातात धरून स्वतःभोवतीच फिरू लागली. फोनमधला निळा ठिपका कधी या घरात, कधी त्या घरात जात होता. ती पुण्याकडून आली होती आणि किल्ल्याचा दरवाजा शोधत होती. मी थांबून विचारलं तर त्यातला एक म्हणाला, "मॅडम, इथे दहीहंडी कुठे बांधतात? त्या नावाचा गेट आहे म्हणे." त्याच्या स्क्रीनवर इंग्रजीत नाव होतं आणि ते दोन तुकड्यांत लिहिलेलं होतं, 'दही' वेगळं, 'हांडा' वेगळं. त्यावरून त्याने गोविंदा, मटकी, मनोरे असं सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं.

मला हसू आलं, पण त्या मुलाचा दोष काहीच नव्हता. दहीहांडा हे अकोला तालुक्यातलं गाव. त्या गावाकडे जाणारा रस्ता जिथून निघतो ती दहीहांडा वेस. अगरवेस आहे, तसं तालुक्यात आगर नावाचं गावही आहे. जुन्या गावांमध्ये दरवाजाला नाव देण्याची हीच रीत होती: रस्ता जिथे जातो ते नाव दाराला. दिल्लीचे काश्मिरी, अजमेरी आणि लाहोरी दरवाजे याच रीतीचे. औरंगाबादला दिल्ली दरवाजा आहे आणि पैठण दरवाजाही आहे. ज्याच्याकडे नकाशा नाही, ज्याला वाचता येत नाही, अशा बैलगाडीवाल्यालाही वेशीचं नाव ऐकलं की कळायचं, इथून बाहेर पडलो तर कुठे पोचू. म्हणजे पाहुण्याला वाट दाखवण्याची सोय शहराने तीनशे वर्षांपूर्वीच करून ठेवली होती, आणि तीही नावातच. आपण ते नाव दोन तुकड्यांत तोडून परक्या लिपीत लिहिलं आणि त्या सोयीचा विनोद करून टाकला.

डिजिटल वाटाड्याचं पहिलं काम माझ्या मते हे आहे. नाव नीट लिहा आणि त्या नावाचा अर्थ एका वाक्यात सांगा. 'ही दहीहांडा वेस. इथून उत्तरेला गेलात तर दहीहांडा गाव लागतं.' एवढं वाक्य कानात पडलं की पाहुणा कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे हेही त्याला कळतं. ज्या बाणाच्या मागे तो फिरत होता, त्या बाणाने हे सांगितलं नसतं.

बाणाबद्दल थोडं. मोकळ्या मैदानात फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो. जुन्या शहरातल्या कित्येक गल्ल्यांची रुंदीच त्याहून कमी आहे. त्यात उपग्रहाचा सिग्नल उंच भिंतींवर आदळून परावर्तित होऊन येतो, त्यामुळे फोनची आणखी फसगत होते. म्हणून निळा ठिपका घराघरांतून उड्या मारतो. 'चाळीस मीटरवर डावीकडे वळा' ही सूचना रुंद रस्त्यांच्या वस्तीत ठीक आहे. गुलजारपुऱ्यात चाळीस मीटरमध्ये तीन डाव्या गल्ल्या येऊ शकतात, आणि त्यातली एखादी कुणाच्या तरी अंगणात संपते.

आमच्या मोहल्ल्यात वाट कशी सांगतात ते ऐका. पान टपरीवरचे चाचा हात वर करून सांगतात, "सीधे जाओ, आगे नीम का झाड लगता, वहाँ से दायने हात को मुडना, हरी जाली का मकान दिखा तो समझो आगे निकल गए." यात मीटर नाहीत. खुणा आहेत, आणि चुकलं तर ते कळेल कसं, याचीही खूण आहे. केविन लिंच नावाच्या अमेरिकी नगररचनाकाराने १९६० साली 'द इमेज ऑफ द सिटी' हे पुस्तक लिहिलं. माणूस शहर डोक्यात कसं साठवतो, तर वाटा, कडा, भाग, नाके आणि ठळक खुणा यांच्या आधाराने, असं त्याने त्यात मांडलं. बी.एड.ला आम्हाला लिंच नव्हता, पण पाचवीच्या वर्गाला 'घर ते शाळा' असा नकाशा काढायला सांगितला की मुलं नेमकं तेच काढतात. रस्ता एका रेघेचा, आणि मशीद, मंदिर, हौद, भजीवाला मात्र रस्त्याच्या चौपट मोठे. प्रमाणाच्या दृष्टीने तो नकाशा चुकीचा. पोचण्याच्या दृष्टीने त्याच्याइतका खात्रीचा दुसरा नाही. 'हरी जाली का मकान दिखा तो आगे निकल गए' हे वाक्य ज्या ऑडिओ टूरमध्ये असेल ती टूर मी चांगली म्हणेन.

वाट सांगणं म्हणजे नुसती पावलं सांगणं नाही. काय पाहतोय हेही सांगावं लागतं, आणि असदगडाच्या बाबतीत खरी गडबड तिथेच आहे.

असद खान हा औरंगजेबाचा वजीर. अकोला त्याच्या जहागिरीत होतं आणि किल्ल्याला नाव त्याचंच. किल्ल्यावर आणि आसपास काही शिलालेख असल्याची नोंद आहे. आमच्याकडे त्याला कत्बा म्हणतात. दहीहांडा वेशीवरच्या कत्ब्यात औरंगजेबाची राजवट, असद खानाची वजिरी आणि हिजरी १११४ हे साल. ईदगाहवर कुरआनातला मजकूर आणि बांधकाम पुरं झाल्याचं हिजरी १११६. फत्ते बुरुजावरचं सालही याच सुमाराचं, पण बादशहा मात्र पुढचा, शाह आलम. आणि अगरवेशीवर मराठीत लेख, की हा किल्ला गोविंद आप्पाजीने १८४३ मध्ये बांधला.

इंटरनेटवर कुठेही पाहा, हिजरी १११४ च्या पुढे इसवी सन १६९७ लिहिलेलं सापडेल आणि १११६ च्या पुढे १६९८. एकाने लिहिलं ते दहा जणांनी उतरवलं. आता हिशेब करून पाहा. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. इसवी सन काढायची सोपी रीत अशी: हिजरी आकड्याला ३३ ने भागा, आलेला भागाकार मूळ आकड्यातून वजा करा आणि ६२२ मिळवा. १११४ मधून ३४ गेले, राहिले १०८०, त्यात ६२२ मिळवले की १७०२. पंचांग लावून बघितलं तर हिजरी १११४ सुरू होतं मे १७०२ मध्ये. १६९७ साली हिजरी ११०८ संपून ११०९ लागलं होतं. बरं, आकडा हिजरी नसून फसली असेल असं धरलं, तर दख्खनी फसलीच्या हिशेबाने १७०४ येतं. १६९७ कुठूनच येत नाही. ईदगाहच्या आकड्यातही तेवढीच तफावत. म्हणजे एक तर कत्ब्यावरचा आकडा कुणीतरी चुकीचा वाचला, किंवा आकडा बरोबर वाचून इसवी सन चुकीचा काढला. सातवीतलं पोर हा हिशेब करू शकतं. पण पाटी लिहिणाऱ्याने आजवर तो केलेला दिसत नाही.

यात काय एवढं, पाच-सात वर्षांचा तर फरक, असं कुणी म्हणेल. फरक आहे. औरंगजेबाचा मृत्यू १७०७ चा. शाह आलम त्यानंतर गादीवर आला. फत्ते बुरुजावर त्याचं नाव असेल तर तो लेख १७०७ च्या नंतरचा, किंवा आकडा वाचण्यात घोळ. म्हणजे किल्ला एका वर्षात उभा राहिला की दहा-पंधरा वर्षं काम चाललं, एका बादशहाच्या काळात झालं की दोन, हे सगळं त्या आकड्यांवर अवलंबून आहे. आणि याचा निकाल लावायला फार लांब जायला नको. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे. आपल्यापासून अडीचशे किलोमीटरवर! पाटी छापण्याआधी कत्ब्यांचे स्वच्छ फोटो काढून त्या लोकांकडून वाचून घ्यावेत, ही माझी मागणी आहे. आवाज कुणाचा घ्यायचा ते नंतर ठरवा.

गोविंद आप्पाजीचा लेख मला सगळ्यांत आवडतो. तो बाकीच्या सगळ्या लेखांना खोटं पाडतो, असं म्हणून लोक त्याला बाजूला सारतात. १८४३ साली वऱ्हाड निजामाच्या ताब्यात होतं. इंग्रजांकडे ते १८५३ मध्ये गेलं. निजामाच्या अमलात एक मराठी नाव असलेला माणूस पडझड झालेल्या कोटाचं काम हाती घेतो आणि दारावर मराठीत तसं लिहून ठेवतो. 'बांधला' म्हणजे 'दुरुस्त करून पुन्हा उभा केला' असाच अर्थ असावा, असं मी धरते. एकाच किल्ल्याच्या एका दारावर फारसी, दुसऱ्या दारावर मराठी. ज्याला या शहराचा स्वभाव समजून घ्यायचा आहे त्याला या दोन दारांमधलं अंतर चालायला लावा. दोन्ही लेख वाचून दाखवा, अर्थ सांगा, आणि मग गप्प बसा. ऑडिओ टूर करणाऱ्यांना गप्प बसणं फार जड जातं.

त्यानंतरचं पटकन सांगून टाकावं. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली अडगावच्या लढाईला जाण्याआधी इथे थांबला होता. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी तट पाडला. १९१० च्या जिल्हा गॅझेटिअरच्या काळात किल्ल्यातल्या हवाखान्यात शाळा भरत होती. शिक्षक म्हणून मला ही शेवटची नोंद बाकी सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते, पण ती माझी आवड झाली.

आता भाषेचा प्रश्न. टूर कुठल्या भाषेत? मराठी आणि इंग्रजी असणारच, हिंदीही येईल. उर्दूचं नाव काढलं की बैठकीत शांतता पसरते, हा माझा अनुभव आहे. त्या शांततेला उत्तर आपल्याच जिल्ह्यातून मिळालं आहे. पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूत नाव लिहिलं होतं. ते काढावं म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने ते फेटाळलं. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू ही याच मातीत जन्मलेली भाषा आहे, असा त्या निकालाचा आशय. २०२२ च्या राजभाषा कायद्याने स्थानिक संस्थांना मराठी सक्तीची केली आहे, पण मराठीसोबत दुसरी भाषा वापरायला मनाई केलेली नाही, हेही त्यात स्पष्ट झालं. मी दोन्ही भाषा शिकवते. माझ्या मराठीच्या तासाला बसणाऱ्या मुलांची घरची भाषा उर्दू-दखनी आहे, आणि त्यांच्या तोंडी वऱ्हाडी कधी शिरते ते त्यांनाही कळत नाही. ज्या कोटावरचे लेख फारसी लिपीत आहेत, त्या कोटाची माहिती त्या लिपीशी ज्यांची रोजची ओळख आहे त्यांच्या भाषेत नसावी, हे मला पटत नाही.

पण इथे आपल्या लोकांनाही एक गोष्ट सांगायची आहे. उर्दू पाटी मिळाली की काम झालं, अशी आपली समजूत असते. कत्बा फारसी आहे. आपल्यातल्या बहुतेकांना तो वाचता येत नाही. अक्षरं ओळखीची वाटतात म्हणून अर्थ कळल्यासारखं वाटतं, एवढंच. किल्ल्याच्या बाजूला जन्मलेली, चाळिशी ओलांडलेली माणसं मला माहीत आहेत, ज्यांनी वेशीवरचा लेख मान वर करून कधी पाहिलेलाच नाही. तेव्हा ही टूर पुण्याच्या मुलांइतकीच गुलजारपुऱ्याच्या आणि हमजा प्लॉटच्या मुलांसाठी हवी.

अहमदाबादने जुन्या शहराची हेरिटेज वॉक १९९७ मध्ये सुरू केली. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून पोळांमधून जामा मशिदीपर्यंत. त्यानंतर त्या शहराने २००२ पाहिलं. तरी वॉक टिकली आणि २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादच्या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. यामुळे तिथली माणसं एकमेकांच्या जवळ आली, असा दावा मी करणार नाही. पण मंदिर आणि मशीद एकाच वाटेवर आहेत, ती वाट सकाळच्या वेळी पायी चालता येते, एवढं तरी त्या शहराने परक्या माणसाला दाखवलं.

अकोल्याचं जुनं शहर बाहेरच्या माणसाला कशामुळे माहीत आहे? १३ मे २०२३ च्या रात्रीमुळे. समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून पेटलं, एक जीव गेला, संचारबंदी लागली. त्यानंतर कित्येक महिने 'कुठल्या तुम्ही?' या प्रश्नाला 'जुनं शहर' असं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. फोनवरच्या एका मजकुराने जे नाव काळं केलं, ते फोनवरच्याच एका चालण्याच्या वाटेने उजळेल, इतकी मी भोळी नाही. तरीही या शहराबद्दल फोनवर आणखी काहीतरी असायला हवं. राजराजेश्वराच्या मंदिरापासून निघावं, अकोलसिंग राजाची आणि राणीची दंतकथा दंतकथा म्हणूनच ऐकावी, किल्ल्याकडे यावं, दोन्ही वेशी पाहाव्यात, मोर्णेच्या काठावर थोडं उभं राहावं आणि ईदगाहपाशी थांबावं. मोर्णेचं आजचं पाणी पाहून जे वाटेल ते वाटू द्यावं. नदी तिथे लपवायची नाही.

या सगळ्याला विरोधही होईल, आणि त्यातला काही रास्त आहे. गल्लीत राहणाऱ्या बायका दुपारी ओट्यावर बसतात. परके लोक फोन वर धरून चालू लागले की तो फोन कुणाचा फोटो घेतोय ते कळत नाही. हा आक्षेप माझ्या शेजारच्या खालाने घेतला आणि मला तो पूर्ण मान्य आहे. टूरची वाट ठरवताना ज्या गल्ल्या प्रत्यक्षात घरांची अंगणं आहेत त्या वगळाव्यात, मग तिथे कितीही सुंदर जुना वाडा असला तरी. वाटेत मशीद लागते तिथे पाच वक्तांच्या वेळा सांगाव्यात, चपला कुठे काढायच्या, डोकं झाकायचं का, बायकांनी कुठपर्यंत जावं, हे आधीच सांगावं. दारात अडवल्यावर कळण्यापेक्षा कानात आधी कळलेलं बरं. मंदिराच्या बाबतीतही तेच. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी घेऊन गांधीग्रामहून कावडी येतात तेव्हा राजराजेश्वराच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी फोनने 'आज ही वाट बंद, कावड पाहायची असेल तर अमुक ठिकाणी उभे राहा' असं सांगितलं पाहिजे. ईदच्या सकाळी ईदगाहबद्दलही तसंच. तारखा चंद्रावर असल्या तरी त्या दरवर्षी भरणं म्हणजे काही कठीण काम नाही.

दुसरा आक्षेप पाट्यांच्या देखभालीचा. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमध्ये तयार झाला. तो अशा युक्तीने केलेला असतो की जास्तीत जास्त तीस टक्के भाग खराब झाला तरी फोन तो वाचतो. जपानी इंजिनिअरांनी गुटख्याची पिचकारी हिशेबात धरली होती का, माहीत नाही. शिवाय कागदी स्टिकरवर कुणीही दुसरा स्टिकर चिकटवू शकतो आणि पैसे मागणाऱ्या भलत्याच पानावर माणसाला नेऊ शकतो. म्हणून कोड फरशीवर भाजून बसवावा आणि त्याच्या खाली तीन भाषांत दोन-दोन ओळी अशा लिहाव्यात की फोन नसलेल्यालाही पुढची खूण कळावी. सगळा आवाज आधी फोनमध्ये उतरवून घेता यावा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. हीच पद्धत पुढे नरनाळ्याला लागेल. तिथल्या महाकाली दरवाजावर १४८७ चे अरबी-फारसी लेख आहेत, आणि मेळघाटच्या जंगलात कुणी फोनच्या सिग्नलवर विसंबून चालू नये.

आवाज मुलांचा असावा, असं मी सुचवेन. आठवी-नववीची मराठी शाळेतली दोन आणि उर्दू शाळेतली दोन. आधी त्यांनी वाट स्वतः चालायची, फोन न घेता, वहीत खुणा लिहायच्या. नीम कुठे, हौद कुठे, चुकलं हे कशावरून कळतं. मग घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचं, या जागेला तुमच्या लहानपणी काय म्हणत. एकाच नाक्याची तीन नावं निघतील. तीनही लिहायची, कारण पाहुणा ज्याला वाट विचारेल त्याला त्यातलं कुठलं माहीत असेल ते आपण कसं सांगणार? आणि हिजरी १११४ चा हिशेब फळ्यावर या मुलांकडूनच करून घ्यायचा. तो पाटीवरच्या आकड्याशी जुळला नाही तर शाळेच्या लेटरहेडवर तसं पत्र लिहून पाठवायचं. पत्राचा मराठी मसुदा उर्दू शाळेच्या मुलांनी करायचा आणि उर्दू मसुदा मराठी शाळेच्या. शुद्धलेखन मी तपासून देईन.